हे खाली आले

८ फेब्रुवारी

बारके,

सोबत एक वही पाठवते आहे. आखीव आहे. कोऱ्या कागदावर तुझ्या ओळी डोंगर चढतात, हे मला तुझ्या शाळेपासून माहीत आहे.

तू रोज लिहावंस अशी माझी इच्छा आहे. इच्छा म्हणजे अट समज. एप्रिलमध्ये तू नोकरी सोडून कायमची इकडे राहायला येणार. मग आपण दोघी बहिणी समोरासमोर बसणार, आणि बोलायला काय, तर गुडघे. तू तुझे दोन सांगशील, मी माझे दोन सांगेन. आठवडा निघेल. पुढे? म्हणून आत्तापासून दिवस साठवायला लाग.

घाबरू नकोस. जन्मभर मुलांना लिहायला शिकवलं, तुलाही शिकवीन. रोज फक्त तीन ओळी. जास्त सुचलं तरी तीनच. रोज त्याच जागी बसायचं, त्याच वेळेला. छान वाक्य सुचलं तर ते लिहायचं नाही, साधं लिहायचं. एखादा दिवस राहिला तर राहिला; दुसऱ्या दिवशी सहा ओळी लिहून भरपाई करायची नाही. पहिला महिना हात वळवण्याचा असतो, डोकं नंतर येतं.

वरची खोली तुझ्यासाठी रंगवायला काढली आहे. हे कालपासून वरच आहेत. नोकरीत दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, भिंतीला हात पहिल्यांदा लावतायत. तुझं कपाट किती उंच आहे विचारतायत. मोजून कळव.

फोन करू नकोस. फोनवर तू "ऐकू येतंय का" म्हणतेस, मी "हो" म्हणते, आणि बोलणं संपतं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

वही मिळाली. कपाट माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. भाऊजींना माझी उंची आठवत असेल. लग्नात मी त्यांच्या खांद्याला लागायचे, आता बहुतेक कोपराला.

पहिल्या संध्याकाळी पेन घेऊन बसले. "आज" असं लिहिलं. पुढे काही येईना. चहा करून आले. "आज" तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरी येईपर्यंत दिवस आठवतच नाही गं. दमून आलेल्या माणसाला आज काय झालं विचारणं म्हणजे जेवून उठलेल्याला भूक कशी होती विचारणं.

मग मला युक्ती सापडली. माझं डेपोतलं काम तुला माहीत आहे. उद्या कोणती बस कुठला ड्रायव्हर नेणार, सोबत कंडक्टर कोण, हे आज दुपारी ठरवायचं आणि तक्ता भिंतीवर लावायचा. आता तक्ता झाला की मी पेन खाली ठेवतच नाही. त्याच झपाट्यात वहीत उद्याच्या तीन ओळी लिहून टाकते. दुसऱ्या संध्याकाळी फक्त बरोबरची खूण करायची. किती सोपं झालं.

नमुना देते.

"सकाळी पाणी उशिरा आलं. साहेब आल्या आल्या पंख्यावर ओरडले. घरी येताना पाव आणला."

पाणी उशिरा आलं. साहेब ओरडले. पाव आणला. तीनही खुणा. परवाच्या ओळीत लिहिलं होतं की घरमालकीण जिन्यात भेटेल आणि "दमलात का" विचारेल. भेटली. विचारलं.

वहीचं पान भरत आलं, अजून एकही चूक नाही. साहेबांना दाखवलं तर मला बढती देतील. तू उगाच म्हणायचीस की रोज लिहिणं अवघड असतं.

बारकी


२६ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र वाचून खुर्चीत बसले, ती बराच वेळ उठलेच नाही.

अगं, रोजनिशी झालेल्या दिवसाची लिहितात. व्हायच्या दिवसाची नाही. हे सांगावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शाळेत एका मुलीने सहलीवरचा निबंध सहलीच्या आधीच लिहून दिला होता, तिच्यानंतर तूच.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तुझा अख्खा दिवस तुला आदल्या दुपारी ठाऊक असतो. तो तसाच्या तसा होतो. आणि तू खूण करून मोकळी. बारके, तुला हे विचित्र नाही वाटलं?

आता नीट ऐक. नवा नियम. तीन ओळीच, पण जे डोळ्यांनी दिसलं किंवा कानांनी ऐकलं तेवढंच. ठाऊक आहे म्हणून नाही, रोज होतं म्हणून नाही. "साहेब ओरडले" लिहिणार असशील तर काय म्हणाले ते शब्द लिही. शब्द आठवत नसतील तर ते ओरडले नाहीत असं धर. सुरुवातीला ओळी भरणार नाहीत. चालेल. खोटी पूर्ण ओळ लिहिण्यापेक्षा खरी अर्धी बरी.

वरच्या खोलीचा रंग अजून वाळायचा आहे. दुसरा हात मारला, मग तिसरा. तू घाई करू नकोस. हे बरे आहेत, वरच असतात.

ताई


११ मार्च

ताई,

तुझ्या नियमाने माझं काय केलं बघ.

पहिल्या दिवशी एकच ओळ झाली: "साहेबांनी चष्मा पुसला." ओरडले नव्हतेच. पंख्याखाली उभे राहून चष्मा पुसत होते, मीच ओरडणं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलं, "पहिली गाडी मामा घेऊन गेला." मामा म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. पेन थांबलं. मी पाहिलं होतं का? नाही. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून भिंत दिसते. तक्त्यात मामाचं नाव होतं, म्हणून मामा गेला.

म्हटलं, एकदा पाहून येऊ. दुसऱ्या दिवशी लवकर उठून थेट यार्डात गेले.

मामा बाकावर बसून चहा पीत होता. त्याच्या गाडीवर भलताच माणूस चढला होता.

मी तिथे खांबामागे उभी राहिले. ताई, एकेक जण येत होता, माझ्या तक्त्याखाली उभा राहत होता, नाव शोधत होता, आणि मग सगळे मिळून तो तक्ता मोडत होते. "तुला आज पोरीला दवाखान्यात न्यायचंय ना, माझी दुपारची घे." "त्याच्याबरोबर नको, त्याचं तोंड बंद होत नाही, मला ह्याच्याबरोबर दे." "तुला लांबची झेपत नाही, आण इकडे." भांडण नाही, आरडाओरडा नाही. चहा संपेपर्यंत माझी एकही जोडी शिल्लक राहिली नाही. आणि गाड्या वेळेवर सुटल्या.

मी मामासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हे कधीपासून चाललंय?"

तो उठला, कप मागे लपवला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही यायच्या आधीपासून."

"मग मी तक्ता लावते कशाला?"

त्याने जरा विचार केला. "तक्ता नसला तर बदलायचं काय?"

मग म्हणाला, "चहा घ्या." घेतला. चांगला होता.

टेबलाशी येऊन बसले. हात कामाला लागेना. इतकी वर्षं मी कुणाची बायको आजारी, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला कुठला रस्ता झेपतो, ह्याचा विचार करत घरी जायचे, झोपेत जोड्या लावायचे. आणि खाली यार्डात ते रोज सकाळी एकमेकांना नुसतं विचारत होते.

राजीनामा मार्चच्या शेवटी द्यायचा ठरलं होतं. त्याच दुपारी दिला. त्या दिवशीची ओळ: "साहेब म्हणाले, बरं." तेवढंच म्हणाले, दुसरा शब्द नाही.

घरमालकिणीलाही सांगितलं. पंधरा एप्रिलला खोली सोडायची. नव्या भाडेकरूंनी येऊन पडद्याचं माप घेतलंसुद्धा; मी खाटेवर बसले होते आणि ती बाई माझ्या डोक्यावरून टेप धरत होती.

तेव्हा ताई, आता परतीची वाट नाही. रंग वाळो न वाळो, मी येते आहे.

आणि तुझंही पाठव. शिकवणारीने आपली वही दाखवली तर शिकणारीचा हात वळेल.

बारकी


१८ मार्च

बारके,

मामाचं बोलणं ह्यांना वाचून दाखवलं, खूप हसले.

नोकरी सोडलीस, ठीक केलंस. खोली मात्र इतक्यात सोडायला नको होती. वरच्या खोलीचं थोडं काम निघालं आहे. जुनं घर, एक काढलं की दुसरं निघतं. घरमालकिणीला सांगून महिनाभर पुढे ढकलता येतं का बघ. पडद्याचं माप काय, महिन्याने बदलत नाही. तू येऊच नकोस असं नाही म्हणत मी. जरा थांब म्हणते.

वही मागितलीस. घे.

"सोमवार. हे खाली आले. चहा घेतला, दुसरा मागितला. बागेत ऊन छान होतं.

मंगळवार. हे खाली आले. पेपरातली एक बातमी मला वाचून दाखवली. संध्याकाळी दोघं फिरायला गेलो.

बुधवार. हे खाली आले. शेजारीण आली होती, तिच्याशी दोन शब्द बोलले. जेवण वेळेवर झालं.

गुरुवार. हे खाली आले. मागच्या दाराची कडी बसवली. म्हणाले, बारकी आली की बरं होईल."

असं साधं लिहावं. तूही लिहिशील.

ताई


२३ मार्च

ताई,

तुझ्या ओळी मी परत परत वाचल्या. आधी शिकण्यासाठी वाचल्या. मग तक्ता तपासते तशा वाचल्या.

माझं आयुष्य उद्याचा दिवस आज लिहिण्यात गेलं. तसा लिहिलेला दिवस मला लांबून ओळखू येतो. त्यात काही सांडत नाही. कुणी न सांगता येत नाही. कडी बसवली की बसते, स्क्रू हरवत नाही. तू मला लिहिलंस की ओरडले तर शब्द लिही. मग भाऊजींनी कुठली बातमी वाचून दाखवली? शेजारणीशी बोलले ते दोन शब्द कुठले? फिरायला गेलात तर वाटेत काय दिसलं?

हे दिवस झालेले नाहीत, ताई. हे तू आधी लिहिलेले आहेत. माझ्यासारखे.

आणि दुसरं. रोज पहिली ओळ तीच. "हे खाली आले." घरात राहणारा माणूस खाली आला हे कुणी रोज लिहितं का? तो वर असेल तरच तो खाली येतो. फेब्रुवारीत तू लिहिलंस, कालपासून वर आहेत. मग लिहिलंस, वरच असतात. आता वरचा रंग वाळत नाही, काम संपत नाही, आणि मी येऊ नये.

भाऊजींना काय झालंय? आजारी आहेत का? अंथरुणावर आहेत का? ते आहेत तरी ना? घाईत लिहितेय, ओळ डोंगर चढली तर चढू दे.

की मीच नकोशी झाले आहे? तसं असेल तर तसंच सांग. ते मला सोसेल. माझं टेबल नव्या मुलीला दिलं आहे, माझी खोली दुसऱ्यांच्या पडद्यांची झाली आहे. मी कुठे जायचं ते मला तुझ्याकडून कळायला हवं.

मला काल हवा आहे. फक्त काल. डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढाच.

बारकी


२८ मार्च

बारके,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग गॅस बंद केला.

काल.

जिन्यावर ताट, घासलेलं, त्यावर घडी घातलेलं फडकं. डोक्यावर पावलं, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. दुपारी वर रेडिओ चालू होता, हे हसले.

ते आहेत. धडधाकट आहेत. वर राहतात.

भांडण झालेलं नाही. पहिल्या दिवशी कपडे रंगाने भरले होते म्हणून वरच झोपले. दुसऱ्या दिवशी दुसरा हात मारायचा होता. तिसऱ्या दिवशी मी खालून हाक मारली, "जेवायला येताय ना?" वरून आवाज आला, "ताट जिन्यावर ठेव." ठेवलं. संध्याकाळी ताट परत जिन्यावर, घासून पुसून. बारके, त्यांनी ताट घासलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी ह्यांना चमचा विसळतानाही पाहिलेलं नाही. ते ताट मी दिव्याखाली धरून उलटसुलट करून बघितलं. मागूनसुद्धा स्वच्छ होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

वर गेले. दाराला कडी लावलेली नव्हती, तरी मी टकटक केली. माझ्याच घरातल्या दारावर. "काय झालं?" विचारलं. "काही नाही." "दुखतंय का काही?" "छे." "मग खाली नाही का यायचं?" त्यांनी खरोखर विचार केला, मला दिसलं. म्हणाले, "इथे बरं वाटतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काय करायचं ते कळलं असतं.

मागच्या जिन्याने बाहेर जातात, पाव आणतात, पेपर आणतात. मी खिडकीत असले तर शेजाऱ्याला करावा तसा हात वर करतात. पहिल्यांदा केला तेव्हा माझाही हात वर झाला. नंतर मी त्या हाताकडे बघत बसले.

आणि ते हसणं. ते हसू मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, वर कुणी पाहुणा आला आहे.

तू उद्याचं आज लिहितेस म्हणून तुला ओरडले ना, त्याच दुपारी मी माझ्या वहीत लिहिलं: हे खाली आले. म्हटलं, हिच्या सगळ्या ओळी खऱ्या होतात, माझी एक होईल. रोज सकाळी लिहिते. सोबत आणखी दोन लिहिते, ती एकटी पडू नये म्हणून. तुला पाठवल्या त्या त्याच. एकीलाही खूण नाही.

तुला सांगितलं नाही, कारण आधी वाटत होतं की मेहुणी सामान घेऊन दारात उभी राहिली की माणसाला खोली रिकामी करावीच लागते. म्हणून बोलावत राहिले. मग तारीख जवळ आली तशी धडकी भरली, की तू आलीस आणि तरी ते नाही उतरले तर? मग तुला थांबवायला लागले. तू नकोशी नाहीस. पण जी खोली तुला देते म्हणाले, ती माझ्या हातात नाही.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र घेऊन मी खाटेवर बसले आणि सामान बांधायचं तसंच राहिलं.

भाऊजी वर राहतात हे मला एका दमात समजलं. भाऊजींनी ताट घासलं, ह्यावर अजून विश्वास बसत नाही. मागूनसुद्धा?

रागही आला. खोटं का बोलू. मला सामानासकट दारात उभं करून नवरा खाली आणायचा बेत होता तुझा. डेपोत गाडीखाली जॅक लावतात, तसा. जॅकला कुणी विचारत नाही तुला राहायला कुठे हवंय. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तू तिकडे ऐकलं असशीलच, माझा आवाज मोठा आहे.

मग यार्ड आठवलं. तिथे कुणी कुणाला "असं का" विचारत नाही. ह्याला दुपारची हवी, त्याला सकाळची, एक म्हणतो तुझी मला दे, दुसरा देतो. मी असते तर कारण लिहून मागितलं असतं.

तर मी असं विचारते. वरची खोली त्यांना दे. ते तिथे आहेतच. खाली तुझ्या खोलीत त्यांचा पलंग रिकामा आहे. तो मला दे.

पण दोन गोष्टी. त्यांना तू स्वतः वर जाऊन सांग, ताटाखाली चिठ्ठी ठेवून नाही. आणि देताना हे समजून दे, की तो पलंग माझा झाला की त्यांना खाली यायला जागा उरत नाही. उद्या ते दारात उभे राहिले तर मी उठणार नाही, माझे गुडघे तुला माहीत आहेत. रोज सकाळी ती ओळ लिहिणार असशील, तर पलंग रिकामाच ठेव आणि मला तसं कळव. मी इथे दुसरी खोली शोधेन. कुणीतरी देईल. म्हातारीला एकटी खोली देताना लोक दहा प्रश्न विचारतात, पण देतात.

पंधरा तारीख जवळ आली आहे. हो किंवा नाही लिही. गोलगोल नको.

बारकी


९ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आल्यावर काही दिवस मी वर गेलेच नाही. ते वाचायचं, ठेवायचं, घर झाडायचं, परत वाचायचं. रिकाम्या पलंगावर मी रोज चादर बदलत होते. हे मी तुला लिहिलं नव्हतं.

काल गेले.

दार उघडंच होतं. खोलीला पिवळा रंग दिलाय. मी पांढरा आणून दिला होता. एक खुर्ची, एक सतरंजी, रेडिओ. माझी एकही वस्तू तिथे नव्हती. मी दारात उभी राहून बघत राहिले आणि त्यांनी मला बघू दिलं.

"बारकी पंधराला येते आहे," म्हटलं.

"हो," म्हणाले.

"तिला झोपायला जागा लागेल."

ते खुर्चीतून उठले. इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, आता सतरंजी गुंडाळतील. खरं सांगते, तेवढ्यासाठी मी जरा जास्तच वेळ गप्प राहिले. त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला आणि माझ्याकडे बघत राहिले.

मग मी बोलले. "ती खाली झोपेल. तुमच्या पलंगावर."

त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "तुला चालेल?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. कधी आलाच नव्हता. "चालेल," म्हटलं, आणि ते माझ्याच तोंडून आलं की काय, म्हणून मीच चमकले.

आणि हे खाली आले.

माझ्या पुढे उतरले. स्वयंपाकघरात माझ्या हातांनी आपोआप दोन कप काढले. त्यांनी कप पाहिले, थांबले नाहीत. आत जाऊन गादी गुंडाळली, दोरी बांधली, उशी काखेत मारली. मग उशी खाली ठेवून पलंग खिडकीपासून आत ओढला. भिंतीपासूनचं अंतर हाताने मोजलं, परत ओढला. म्हणाले, "इथे वारा थेट डोक्यावर येतो. तिला सोसणार नाही."

"तुम्हाला यायचा?"

"रोज."

चाळीस वर्षं मी त्या पलंगाच्या शेजारी झोपले, बारके. मला माहीत नव्हतं. मी तिथेच उभी राहिले, हातात रिकामा कप.

जिन्याच्या वळणावर गादी अडकली. ते वरून ओढत होते, हलेना. धापा ऐकू यायला लागल्या. मग मी गेले आणि खालून खांदा लावला. समोर दिसत काहीच नव्हतं, फक्त गादीचं कापड आणि त्याला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास. मी माझ्या नवऱ्याची गादी माझ्या खोलीतून ढकलत बाहेर नेत होते, आणि मला रडू येत नव्हतं. मी वाट बघत होते. नाही आलं.

"सांभाळ," ते वरून म्हणाले. "पायरी आहे."

त्या जिन्यावर माझं आयुष्य गेलं, पायरी आहे म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाय उचलला आणि आणखी जोर लावला. गादी सुटली आणि वर गेली.

चहा मी एकटीने घेतला. दोन्ही कप.

पलंगावर नवी गादी यायची आहे. तुला मऊ लागते की कडक, हे विचारायला आता वेळ नाही. मी कडक सांगितली आहे.

ये.

ताई